जपानी बाग, फोटोसाठी थांबा

आमच्या धंद्यातला पहिला नियम आधीच सांगून टाकतो, म्हणजे सोवळ्या वाचकांना पान उलटता येईल. सहलीचा मार्ग निसर्गसौंदर्यावरून आखायचा नसतो, संडासांवरून आखायचा असतो. सत्तरीतली दहा माणसं घेऊन पहाटे साडेपाचला कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनहून निघालात, की पुढचे सगळे निर्णय त्यांची मूत्राशयं घेतात. डोंगर काय, आहेत तिथेच असतात.

मी मूळचा सॉफ्टवेअर टेस्टर. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतला आणि मग एका मंगळवारी कंपनीला माझी गरज उरली नाही. वय त्रेपन्न. बायकोची नोकरी शाबूत होती, त्यामुळे घर चालत होतं आणि मी घरात बसून तिच्या डब्यांना लेबलं लावत होतो. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "सुधीर, एक तर तू बाहेर पड, नाही तर मी पडते." मी बारा सीटची व्हॅन घेतली, परवाने काढले आणि आई-बाबांच्या सहली सुरू केल्या. सात वर्षं चालवल्या. गेल्या ऑक्टोबरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं आणि मी व्हॅन विकली.

आई-बाबा म्हणजे कोणाचेही. पुण्या-नागपूरकडून सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले. पहिला महिना नातवंडांत जातो, दुसरा मॉल बघण्यात, आणि तिसऱ्यात बाबा खिडकीशी बसून समोरचा माणूस लॉन चुकीचं कसं कापतो यावर टिप्पणी करू लागतात. मग मुलगा किंवा सून दोन मीटिंगांच्या मध्ये मला मेसेज टाकते, "दादा, वेन्सडेला दोन सीट आहेत? प्लीज यार, अर्जंट." म्हणजे बुक करणारा एक, बसणारा दुसरा, आणि कुरकुर दोघांची. शिवाय सगळी मराठी घरं एकाच ग्रुपवर. कोणा काकांनी तिथे 'ठीकठाक' एवढा एक शब्द लिहिला, तरी माझे पुढचे तीन बुधवार रिकामे जायचे.

काकांचे प्रकार अनेक. पुढच्या सीटसाठी गुडघ्यांची स्पर्धा लागायची. एकदा दोघांनी फोनवर एकमेकांना एक्स-रे दाखवले आणि निवाडा मला करायला लावला. एक काका जातील तिथे एकराचा भाव विचारायचे. वाळवंट, समुद्र, दफनभूमी, त्यांना काही वर्ज्य नव्हतं.

माझी सगळ्यात चाललेली सहल होती 'वाळवंट आणि बर्फाचे डोंगर, एका दिवसात'. उत्तरेकडे चार तासांची सरळ वाट, डावीकडे बर्फाची रांग, उजवीकडे काही नाही. या वाटेवर एक जागा मला देवासारखी सापडली. स्वच्छ संडास, थंड पाणी, सावलीत बाकं, प्रवेश फुकट. माझ्या पत्रकात तिचं नाव होतं 'जपानी बाग, फोटोसाठी थांबा'.

ती बाग नव्हती. ती छावणी होती. तिथल्या जुन्या फलकावर 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' असे शब्द धातूत ओतून ठेवले आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानने हल्ला केल्यावर या देशाने आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचे जपानी वंशाचे लोक उचलले. त्यांतले बहुतेक इथेच जन्मलेले, इथलेच नागरिक. त्यांचा गुन्हा म्हणजे चेहरा. हातात मावेल तेवढं सामान घ्या म्हणाले आणि त्यांना या धुळीत आणून टाकलं. भोवती काटेरी तार, मनोऱ्यांवर बंदूकवाले. युरोपातल्या छावण्यांसारख्या इथे भट्ट्या नव्हत्या. फळ्यांच्या बराकी होत्या, भिंतींतून वाळू आत यायची आणि बायकांच्या संडासांना दारं नव्हती. हजारो माणसं तीन-साडेतीन वर्षं तिथे राहिली. आणि राहता राहता त्यांनी दगड रचून तळी केली, पूल बांधले, बागा लावल्या. त्यांतल्या एका तळ्यापाशी मी फोटो काढायचो.

पहिल्या मोसमात मी हे सगळं व्हॅनमध्ये सांगितलं होतं. अगदी मनापासून, अभ्यास करून. दुपारी कोणी डबेसुद्धा धड उघडले नाहीत. एक काका म्हणाले, "अहो, आम्ही दोन घटका करमणुकीला आलो. रडायला आमच्याकडे बातम्या आहेत की." दुसऱ्या दिवशी एका सुनेचा फोन आला, "आईंना रात्रभर झोप नाही आली. यू शुड पुट अ वॉर्निंग ऑर समथिंग." मी धडा घेतला. पुढच्या बुधवारपासून माझं वाक्य ठरलं: "युद्धाच्या काळात इथे काही जपानी कुटुंबं राहत होती." यात एकही शब्द खोटा नाही. टेस्टरला एवढं जमतंच.

एका काकांनी विचारलं, "एवढी छान जागा सोडून गेले का मग?" मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, "पाण्याचा प्रश्न असणार." मी म्हटलं, "असेल." हे मी केलेलं आहे, आणि छापून येतंय याची मला लाज वाटते.

आता मूळ गोष्ट. वसुधाकाकूंना छावणीच्या मागच्या टोकाला असलेल्या एका लहानशा कबरीपर्यंत जायचं होतं आणि त्यांचे यजमान जाऊ देणार नव्हते. गोष्ट एवढीच आहे.

काकू कऱ्हाडच्या. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त. काका वीज मंडळात इंजिनियर होते. उंच, कडक, बायपास झालेले, आणि निवृत्तीनंतर संपूर्ण जग हे त्यांचं सबस्टेशन. त्यांच्या मुलीने, मेघनाने, एप्रिलमध्ये दोघांना माझ्या सहलीला पाठवलं. बाकीचे संडासाच्या रांगेत उभे असताना काकू एकेक फलक वाचत होत्या, चष्मा वर-खाली करत, बोट ठेवून. शेवटी माझ्याजवळ आल्या. "इथे माणसं कोंडली होती ना?" मी म्हटलं, "काकू, चला, उशीर होतोय." निघताना लांबवर दफनभूमीचा पांढरा स्तंभ दिसला, तेव्हा काका म्हणाले, "सुधीर, गाडी तिकडून नेऊ नका. स्मशान आहे ते. गाडीत बायका आहेत." मला तर बरंच झालं.

आठवडाभराने मला फोन आला. आई-बाबा स्वतः कधी फोन करत नाहीत, त्यामुळे मी आधी घाबरलो.

"मी वसुधा बोलतेय, मेघनाची आई. तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत."

"खोटं नाही हो काकू. समरी सांगितली."

"मुलं उत्तर गाळून पुढे गेली की मला कळतं. बरं, ते जाऊ दे. तिथे एका फोटोत लहान बाळाची कबर होती. भोवती दगडांचं कडं आणि वर खेळणी. मला तिथे जायचंय. ह्यांना सांगू नका."

मी विचारलं, का. त्यांनी वर्गाला धडा सांगावा तशा आवाजात सांगितलं. त्यांचं पहिलं मूल मुलगा होता. अकराव्या दिवशी गेला. दुसऱ्या दिवशी बारसं व्हायचं होतं, त्यामुळे नाव नव्हतं. एवढ्या लहान मुलांना आपल्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. सासरे, म्हणजे घरातले दादा, आणि काका त्याला घेऊन नदीकडे गेले. काकू बाळंतिणीच्या खोलीत. दोघं परत आले, अंघोळी केल्या आणि ओट्यावर बसले. कुठे ठेवलं ते कोणी सांगितलं नाही.

"मी ह्यांना तीनदा विचारलं. दर वेळी एकच, 'विसर आता.' मेघनाला तर यातलं काहीच ठाऊक नाही. ती स्वतःला थोरली समजते."

"काकू, पण ती कबर तर..."

"माझ्या मुलाची नाही, ठाऊक आहे मला. म्हातारी झाले, वेडी नाही. मला रडायचं नाहीये तिथे. एकदा नुसतं उभं राहायचंय, लहान मुलाच्या मातीपाशी. दोन आठवड्यांनी आमचं विमान आहे. ह्यांनी सांगून टाकलंय, आता परत यायचं नाही."

मी हो म्हटलं. मोठ्या मनाने नाही, फोनवर नाही म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून. आणि लगेच माझ्या डोळ्यांपुढे काका आले, ग्रुपवर एका बोटाने टाइप करणारे: 'बायकांना स्मशानात नेतात. सावध.' धंदा बसला असता. त्या रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मग नवऱ्याला कुठे तरी गुंतव ना. आम्ही आयुष्यभर तेच करतो."

बुधवारी व्हॅनमध्ये आठ जण होते. काका पुढच्या सीटवर, कारण गुडघ्यावर बायपास भारी पडते. मागे नलिनीमावशी म्हणून एक हसऱ्या बाई, मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. काकू खिडकीशी, पर्स छातीशी धरून. वाटेत भेंड्या झाल्या. 'ळ' आला आणि भांडण झालं. दहाच्या सुमाराला छावणीत पोचलो, संडास आटोपले, तळ्यावर फोटो झाले. इथून एरवी मी गाडी वळवतो. त्या दिवशी तशीच पुढे घेतली आणि दफनभूमीच्या वाहनतळावर उभी केली.

"इथे कशाला?" काका म्हणाले.

"काका, इथून डोंगर फार क्लिअर दिसतात. आणि मला तुम्हाला एक विचारायचंय." मी त्यांना उतरवून गाडीच्या उलट्या बाजूला नेलं. दूर, महामार्गापलीकडे, विजेच्या मनोऱ्यांची रांग होती. "ही लाइन किती केव्हीची असेल हो?"

माणसाला त्याच्या विषयातलं विचारण्यासारखी भूल नाही. काकांनी डोळ्यांवर हात धरला. "थांबा. दोनच तारा दिसतायत. तीन नाहीत. म्हणजे ही एसी नाहीच! डीसी आहे, डीसी! लांब पल्ल्याची." त्यांचा चेहरा उजळला. एसी आणि डीसी यांतला फरक त्यांनी मला समजावला, मग एका वादळात त्यांनी कोणती लाइन किती तासांत उभी केली तेही. मी मान हलवत होतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून काकूंची फिकट निळी साडी वाळूतून जाताना बघत होतो. चालणं अवघड होतं त्यांचं. एकदा थांबल्या, पुन्हा निघाल्या.

मी सगळं नीट योजलं होतं, फक्त नलिनीमावशींना विसरलो होतो. त्या पुऱ्यांचा डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घ्या ना काका. काकूंनाही दिल्या असत्या, पण त्या तर पार कबरीपर्यंत गेल्या की!"

काका वळले. काठी टेकत ते इतक्या वेगाने निघाले की मला त्यांच्या बायपासची काळजी वाटून मागे पळावं लागलं.

"वसुधा! परत फिर. बायका जात नाहीत तिथे."

काकू वळल्या नाहीत. "आले मी. आता काय करताय?"

ती कबर फार लहान आहे. दगडांचं कडं, मध्ये वाळू. त्यावर लोकांनी ठेवलेल्या बाहुल्या, एक पिवळा ट्रक, उन्हाने रंग उडालेलं अस्वल. काकूंनी पर्स उघडून एक छोटी लाल गाडी काढली. "नातवाची आहे. त्याला विचारून आणलीय," असं मलाच म्हणाल्या आणि कसंबसं वाकून ती ठेवली. काका दोन पावलं मागेच थांबले. त्यांना धाप लागली होती. मी गोळी हवी का विचारलं, त्यांनी हाताने नको म्हटलं.

"आपलं कुठे ठेवलंत?" काकूंनी विचारलं.

"वसुधा, माणसं आहेत इथे."

"असू देत. चौथ्यांदा विचारतेय. पुन्हा विचारायला मी असेन असं नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. सहलीत नवरा-बायकोचं जुंपलं की एक जण माझ्याकडे असं बघतो आणि मी लगेच टाळी वाजवून म्हणतो, चला चला, उशीर होतोय. सात वर्षांत हजार वेळा म्हटलं असेन. त्या दिवशी तोंड बंद ठेवलं. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड काम तेच.

"मला माहीत नाही," काका म्हणाले.

काकांनी काठी दोन्ही हातांत धरली.

"दादांनी मला पुलाशीच थांबवलं. म्हणाले, तू बाप आहेस, तुझ्याच्यानं व्हायचं नाही. सायकल धर. मी सायकल धरून उभा राहिलो. ते एकटेच खाली गेले. अर्ध्या तासाने हात धुऊन वर आले. मी विचारलं नाही. उद्या विचारू, परवा विचारू, असं करता करता तेही गेले."

"म्हणजे तुम्हीसुद्धा नाही पाहिलं."

"नाही."

"आणि एकावन्न वर्षं मी समजतेय की तुम्हाला ठाऊक आहे आणि मला सांगत नाही."

"समजू दिलं तुला. निदान एकाला तरी ठाऊक आहे, असं तुला वाटावं. दोघांनाही ठाऊक नाही, हे कसं सांगायचं गं?"

मला वाटलं काकू आता चिडतील, आणि चिडल्या असत्या तर मी त्यांच्या बाजूने होतो. त्यांनी काकांच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बूट काढा. मातीत उभं राहायचं तर बूट काढून राहा." काकांना वाकता येईना. मुलीने घेतलेले जाड तळव्यांचे पांढरे बूट, दुहेरी गाठी मारलेले. मी वाळूत गुडघे टेकले आणि नाड्या सोडवल्या. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. एरवी अशा गोष्टीवर मी परतीच्या वाटेत पाच मिनिटं गाडी हसवली असती. काका मोज्यांनिशी दोन पावलं पुढे आले आणि काकूंच्या शेजारी उभे राहिले. मी डोळे पुसले. धूळ होती असंही सांगता आलं असतं, पण धूळ नव्हती.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "सुधीर, फोटो काढा."

मी सवयीने फोन वर केला. "काकू, जरा इकडे सरका, म्हणजे डोंगर..."

"आमचा नको," काका म्हणाले. "नुसता याचा."

गाडीपाशी आलो तर सगळे वाट बघत उभे. नलिनीमावशींनी पुरी पुढे केली आणि विचारलं, "काय होतं हो तिथे? ही बाग ना?" काका-काकू अजून मागे होते, हळूहळू येत होते. मी म्हटलं, "बाग नाही मावशी," आणि सगळं सांगितलं, तारेपासून बिनदारांच्या संडासांपर्यंत. एकराचा भाव विचारणारे काका त्या दिवशीही होते. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "त्यांची घरं? परत गेल्यावर मिळाली का?" मी म्हटलं, बऱ्याच जणांना नाही. मग त्यांनी भाव विचारला नाही. डबे मात्र सगळ्यांनी उघडले, चांगले हादडले, आणि माझा इतक्या वर्षांचा एक समज तिथेच मोडला.

त्यानंतर मी पत्रक बदललं. 'छावणी' असं सरळ छापलं. काही बुकिंगं गेली, हे कबूल करतो. काकांनी ग्रुपवर काही लिहिलं नाही, बरं नाही की वाईट नाही. मी आठवडाभर रोज बघत होतो.

त्यांच्या विमानाच्या आदल्या दिवशी मेघनाचा फोन आला. ऑफिसातून बोलत होती, मागे कोणीतरी स्क्रीन शेअर होतोय का म्हणून विचारत होतं.

"सुधीरदादा, एक विअर्ड गोष्ट आहे. बाबांनी तुमचा तो फोटो मोठा प्रिंट करून आणायला सांगितलाय, फ्रेमसकट. हँडबॅगेत नेणार म्हणतात, चेक-इनमध्ये नको. आणि आई म्हणते, हॉलमध्ये लावायचा. दादा, इट्स सम रँडम बेबीज ग्रेव्ह! आपल्या फॅमिलीचा काय संबंध? आर दे ओके?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'अगं, त्यांना जागा आवडली फार.' एकही शब्द खोटा नाही.

"मेघना," मी म्हटलं, "मीटिंग कॅन्सल कर आणि घरी जा. आईजवळ बस."

"का? काय झालं? काय विचारू तिला?"

"विचार, तू पहिली की दुसरी."